ओळखीचा तागा दोनदा तपासा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत पवई येथे केलेले भाषण)



तथागत भगवान गौतम बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही चार शब्द बोलायला उभे आहोत. आम्ही विद्वान नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण गिरणीच्या पाळीत, लोकलच्या डब्यात आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा काही चुकले तर पदरात घ्या.

समितीने आम्हाला विहाराच्या वाटचालीवर बोलायला सांगितले होते. ते अध्यक्षसाहेब आमच्यापेक्षा चांगले सांगतील. आम्ही दुसरा विषय घेतला आहे, कारण तो या सतरंजीवरच आम्हाला दिसतो आहे. २०२४ साली आधी लोकसभेची आणि मग विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हापासून आपल्यातली दोन घरे एका ओळीत बसत नाहीत. दोन्ही आंबेडकरी. दोघांच्या भिंतीवर बाबासाहेबांची तीच तसबीर. पण एकाने दुसऱ्याला ‘विकला गेलेला’ म्हटले आणि दुसऱ्याने पहिल्याला ‘मते फोडणारा’ म्हटले. आता एक घर वंदनेला लवकर येऊन लवकर जाते आणि दुसरे उशिरा येते. नावे घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या वैशाख पौर्णिमेला वंदना झाल्यावर कॉलेजात जाणारी आपलीच एक मुलगी आम्हाला म्हणाली, “काका, हे म्हणतात ते खोटं बोलतात, ते म्हणतात हे खोटं बोलतात. टीव्हीवर एक, मोबाईलवर दुसरं. मग खरं मानायचं कुणाचं?” आम्हाला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

आमचे वडील १९८२ च्या संपातले कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. रोज संध्याकाळी चाळीत दोन बातम्या यायच्या. एक म्हणायची, मालक नमले, सोमवारी भोंगा वाजणार. दुसरी म्हणायची, निम्मे लोक आत गेले, संप फुटला. वडील पहिली मानायचे, शेजारचे दुसरी. ज्याला जे हवे ते तो मानत होता. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि हजारो लोक पुन्हा कधी आत गेले नाहीत. वडील पवईला आले आणि खाणीवर दगड फोडायला लागले. पोटाला चिमटा बसला की माणूस आशेवर विश्वास ठेवतो, त्याला दोष कसा द्यावा? पण एवढे आम्ही तेव्हाच शिकलो, की आपल्याला हवी असलेली बातमी फार लवकर खरी वाटते.

पुढे आम्हीही गिरणीत बदली म्हणून लागलो. काम मिळाले फोल्डिंग खात्यात. साच्यावरून उतरलेले कापड टेबलावर ओढायचे, खाली दिवा, आणि नजर कापडावर. तेलाचा डाग आहे का, ताणा तुटला आहे का, बाणा सुटला आहे का, ते पाहायचे. दोष सापडला की विणकराच्या नावावर लागायचा. एकदा आमच्याच वस्तीतल्या एका विणकराचा तागा आला. आम्ही डाग पाहिला आणि सोडून दिला. म्हटलं, आपला माणूस आहे, कशाला नुकसान. तो माल परत आला. मुकादमाने आरडाओरडा केला नाही. जवळ बोलावून एवढेच सांगितले, “परक्याचा तागा तू नीटच बघतोस, कारण तुला त्याची दया येत नाही. ओळखीच्याचा असला की दोनदा बघत जा.” त्या मुलीच्या प्रश्नाला आमचे उत्तर त्या मुकादमाच्या बोलण्यात आहे. पण ते आम्हाला स्वतःला फार उशिरा कळले.

आधी तथागतांनी काय सांगितले ते बघू. कोसल देशात केसपुत्त नावाचे गाव होते. तिथे कालाम लोक राहत. त्यांची अडचण तंतोतंत आपल्यासारखी होती. गावात एक आचार्य यायचा, आपले मत थोर सांगायचा आणि दुसऱ्याच्या मताला शिव्या द्यायचा. मग दुसरा यायचा आणि तेच उलट करायचा. कालामांनी विचारले, भगवान, यातला खरा कोण आणि खोटा कोण? भगवंतांनी कुणा एकाचे नाव सांगितले नाही. ते म्हणाले, तुम्हाला शंका आली हे योग्यच झाले. मग दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या एकट्याच्या आधारावर काही मानू नये. ऐकीव आहे म्हणून मानू नका. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. बोलणारा वजनदार वाटतो म्हणून किंवा तो आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका.

हे सगळे आपण दर वर्षी ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. कारण आपल्याला वाटते, हे समोरच्याला सांगितले आहे, पोथी-पुराणवाल्यांना सांगितले आहे. पण त्या दहांत आणखी एक आहे. आपल्या मनात आधीच बसलेल्या मताशी जुळते, म्हणून मानू नका. बंधूंनो, हा नेम आपल्यावर आहे. आणि कालामांना भगवंतांनी मनाला येईल ते माना असेही सांगितले नाही. जे मानल्याने लोभ, द्वेष आणि मोह वाढतो, ज्याची जाणती माणसे निंदा करतात, ज्यातून दुःख निपजते, ते सोडा. ज्यातून हित होते ते धरा. म्हणजे कसोटी दिली आहे.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आजवर या सभेत सांगितली नाही. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला विजयस्तंभाला अभिवादन करायला गेलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. ३ तारखेला महाराष्ट्र बंद होता. २ तारखेला संध्याकाळी आमच्या मोबाईलवर एक फोटो आला. रस्त्यावर दोन पोरे रक्तात पडलेली, आणि खाली लिहिलेले, की जवळच्याच एका वस्तीत आपली दोन मुले ठार मारली. आमचे डोके फिरले. आम्ही तो पुढे पाठवला. तेवढ्यावर थांबलो नाही. याच विहाराच्या पायरीवर उभे राहून तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. समोर पंधरा-वीस पोरे होती.

त्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी रस्त्यावर धावला आणि दगडासकट सापडला. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. चार-पाच दिवसांनी कळले, की तो फोटो दुसऱ्या राज्यातल्या जुन्या अपघाताचा होता. आमच्या जवळपासच्या वस्तीत कुणी मेले नव्हते. आम्ही गुपचूप तो संदेश पुसून टाकला. पण खटला कसा पुसणार? त्या मुलाला एका ठिकाणी चांगली नोकरी लागत होती, पोलिसांच्या पडताळणीत ती गेली. पुढची कित्येक वर्षे तारखा. त्याची आई आजही या विहारात येते. ती माउली आम्हाला कधी एक शब्द बोलली नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागते.

बघा, हल्ला खरा होता. आपला संताप खरा होता. त्या खऱ्याच्या पाठीवर बसून एक खोटे आले आणि आम्ही त्याला घरात घेतले. परक्याने असा फोटो पाठवला असता तर आम्ही दहा प्रश्न विचारले असते. आपल्या माणसाने पाठवला, आपल्या बाजूचा होता, म्हणून एकही विचारला नाही. ओळखीचा तागा होता, आम्ही दिव्यावर धरलाच नाही.

त्यानंतर आम्ही दीघनिकायातले ब्रह्मजाल सुत्त वाचले. राजगृहाहून नालंदेच्या रस्त्याने भगवान संघासह चालले होते. मागून सुप्पिय नावाचा परिव्राजक आणि त्याचा शिष्य ब्रह्मदत्त येत होते. गुरू सारखा बुद्धाची निंदा करत होता आणि शिष्य सारखी स्तुती करत होता. एकाच वाटेवर, एकाच वेळी. सकाळी भिक्खू त्यावर बोलू लागले. तेव्हा भगवान म्हणाले, कुणी माझी, धम्माची, संघाची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर तो बोलतो ते बरोबर की चूक, हे तुम्हाला कळेल का? शांतपणे सांगा, हे असे नाही, या कारणाने नाही. आणि कुणी स्तुती केली तर हुरळूनही जाऊ नका. जेवढे खरे आहे तेवढे खरे म्हणा.

रागात माणसाला खरे-खोटे कळत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले आहे. आणि आजचा धंदा सगळा रागावर चालतो. टीव्हीवर चार डोकी एकमेकांवर ओरडतात, ती आपण ऐकावे म्हणून ओरडत नाहीत. आपण तापावे आणि बघत राहावे म्हणून ओरडतात.

मग कुणी म्हणेल, काका, शांत बसून न्याय मिळतो का? त्याचे उत्तर इथून जवळच आहे, घाटकोपरला. ११ जुलै १९९७ ला पहाटे माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि आपली दहा माणसे गेली. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला स्वतःच्या घरात गळफास घेतला. पोलिसांचे म्हणणे असे, की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या. वस्तीतले लोक म्हणत होते, हे खोटे आहे. आम्ही तेव्हा गिरणीत होतो. कँटीनमध्ये दोन टेबले झाली. एक टेबल टँकरवाले, एक टेबल आपले. दोन्ही टेबलांवरचा एकही माणूस तिथे हजर नव्हता!

पण जे हजर होते त्यांनी नुसता आरडाओरडा केला नाही. ते न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगासमोर गेले आणि डोळ्यांनी पाहिले ते सांगितले. उलटतपासणी सोसली. आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला दोषी धरून जन्मठेप सुनावली. पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, ही गोष्टही खरी आहे आणि तीही सांगितली पाहिजे. पुरा न्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. पण टँकरची गोष्ट टिकली नाही, आणि ती आपल्या घोषणांनी पडलेली नाही. ती साक्षी-पुराव्याने पडली. उद्या असा प्रसंग आला आणि आपल्या हातात आमच्या त्या फोटोसारखे एक जरी खोटे सापडले, तर आपली दहा खरी माणसेही खोटी ठरवली जातील. म्हणून गरिबाला खोटे परवडत नाही. श्रीमंताचे खोटे वकील सांभाळतो. आपल्याजवळ खऱ्याशिवाय दुसरे भांडवल नाही.

बाबासाहेबांनी काय केले? गिरणीचेच उदाहरण देतो. त्या काळी विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. आणि त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्याच कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. माणसे बरीचशी तीच होती, निर्णय वेगळा. कारण त्यांनी प्रत्येक वेळी प्रश्न बघितला, कामगाराचे हित बघितले. मग त्यांना पक्के धोरण नव्हते असे म्हणायचे का?

दुसरे बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी सांगितले, की हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे. एवढा मोठा विद्वान, पण काय मानायचे हे ठरवायला त्याने एकवीस वर्षे अभ्यास केला. आणि आपल्याला मोबाईलवर आलेल्या बातमीचा निकाल एकवीस सेकंदांत हवा असतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी इशारा दिला होता, की राजकारणातली विभूतिपूजा देशाला हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा फक्त दुसऱ्यांच्या नेत्यांसाठी होता काय? आपल्या नेत्यांसाठीही होता.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक असा निकाल दिला, की राज्यांना अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येईल. योगायोगाने त्या दिवशी अण्णाभाऊ साठे यांची जयंती होती. संध्याकाळपर्यंत आपल्या मोबाईलवर आले, ‘आरक्षण संपले’. आणि आमच्या गल्लीत एक मातंग समाजाचा शेजारी आहे, चाळीस वर्षांचा शेजार, त्याच्या मोबाईलवर आले, ‘बौद्धांनीच सगळे खाल्ले’. दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघितले नाही.

मग आम्हाला जीवकाची गोष्ट आठवली. जीवक म्हणजे राजगृहाचा वैद्य. त्याच्या कानावर आले, की बुद्धासाठी मुद्दाम प्राणी मारतात आणि बुद्ध ते जाणूनबुजून खातो. जीवकाने ते चारचौघांत पसरवले नाही आणि मनातही ठेवले नाही. तो सरळ भगवंतांकडे गेला आणि विचारले, लोक असे म्हणतात, ते खरे आहे का? भगवान म्हणाले, ते माझे बोलणे नीट सांगत नाहीत. आपल्यासाठी प्राणी मारला असे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस घेऊ नये, असे मी सांगतो. एवढ्याने खुलासा झाला. खुद्द भगवंतांच्या हयातीत त्यांच्याबद्दल चुकीचे पसरत होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी असे प्रसंग मुद्दाम नोंदवले आहेत. मग आपल्याबद्दल आणि शेजाऱ्याबद्दल पसरणार नाही काय?

आम्ही शेजाऱ्याच्या दारात गेलो. म्हटलं, “तुमचं म्हणणं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.” तो म्हणाला, “या, बसा. मला कुणाचं काढून घ्यायचं नाही. माझ्या पोरीला वसतिगृहात जागा मिळाली नाही, एवढं मला माहीत आहे.” मग आम्ही दोघांनी मिळून वर्तमानपत्रातला निकाल वाचला. आरक्षण संपले, असे त्यात कुठे नव्हते. एकाच जातीला सगळे द्या, असेही नव्हते. उलट वर्गीकरण करायचे तर प्रतिनिधित्वाचे आकडे दाखवावे लागतील, असे होते. काही न्यायाधीशांनी क्रीमी लेयरबद्दल मत दिले होते, पण ९ ऑगस्टला केंद्र सरकारने ती तरतूद संविधानात नाही असे सांगितले. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के. कुणाला किती मिळाले, याचे आकडे सरकारकडे मागायला हवेत, एवढ्यावर आम्हा दोघांचे एकमत झाले.

निकाल योग्य की अयोग्य यावर आमचे मत अजून पक्के झालेले नाही. आपल्यातले बरेच जण त्याच्या विरोधात आहेत आणि त्यांची कारणे आम्ही ऐकली आहेत. समाज फुटेल, ही भीती खोटी नाही. पण शेजाऱ्याची मुलगीही खोटी नाही. आकडे बघू आणि ठरवू. तोपर्यंत त्याच्या घरचा चहा आम्ही बंद करणार नाही.

आता त्या मुलीला उत्तर देतो. बाळ, आधी बातमीचे तीन ढीग कर. घडले काय, कुणी म्हटले काय, आणि होईल असे कुणाला वाटते काय. बहुतेक भांडणे तिसऱ्या ढिगावर होतात आणि आपण ती पहिला ढीग समजून करतो. दुसरे, ज्याच्याबद्दल बोलणे आहे त्याला विचारता येत असेल तर विचार. तिसरे, मन तापले असेल त्या रात्री काही पुढे पाठवू नकोस. सकाळी पाठव. चौथे, चूक झाली तर जिथे बोललीस तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात दुरुस्त कर. आणि आपल्या बाजूची बातमी असली की दोनदा तपास.

याचा अर्थ मारणारा आणि मार खाणारा दोघांना एका मापाने मोजा, असा कुणी घेऊ नये. आपली बाजू ठरलेली आहे. ती समतेची, संविधानाची आणि धम्माची आहे. पण बाजू धरली म्हणून डोळे गहाण टाकायचे नसतात.

आमच्या गिरणीची यंत्रे २०२० च्या टाळेबंदीपासून थांबली. तपासायला कापड राहिले नाही. पण चौथी गोष्ट आम्ही सांगितली, ती आधी आम्हालाच लागू आहे. ज्या पायरीवर उभे राहून तो खोटा मजकूर आम्ही वाचला, ती पायरी इथून दहा पावलांवर आहे. त्या वेळी दुरुस्त करायचे राहून गेले. आज सर्वांसमोर सांगतो, तो फोटो खोटा होता, आम्ही तपासला नाही, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. ती माउली इथेच बसली आहे. आम्ही तिची आणि तिच्या मुलाची हात जोडून क्षमा मागतो.

आणि त्या दोन घरांना एक विनंती. आज खिरीच्या पंगतीला एका ओळीत बसा. मते बदलू नका. फक्त एकमेकांना विचारा, तुमचे म्हणणे काय आहे?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम. जय भारत.